कार्यालयातला मोबाइल आणि कामावरचे मन : आपापले अनुभव लिहावेत

आवकजावक : गेल्या आठवड्यात एका दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात गेलो होतो. खिडकीमागचा तरुण लिपिक मांडीवर मोबाइल ठेवून रील पाहत होता. राग आला, पण तो ओसरल्यावर मला माझ्याच टेबलाचा खण आठवला. १९९२ साली मी नोकरीला लागलो तेव्हा त्या खणात शब्दकोडे असे. टिपणी वर गेली की दोन-दोन महिने खाली येत नसे, आणि ती चांगली लिहिली काय किंवा उरकली काय, विचारणारे कोणी नसे. मोबाइलमुळे कामावरचे मन उडते की आधीच उडालेले मन मोबाइलकडे वळते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. नोकरीत असलेल्यांनी सांगावे.

सीनाकाठ : मी ग्राम महसूल अधिकारी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा कोणती वस्ती पाण्यात आहे आणि बोट कुठे हवी, हे आम्हाला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच कळत होते. त्या दिवसांत झोपेची तक्रार कोणी केली नाही, कारण पाठवलेल्या निरोपाचा उपयोग तासाभरात डोळ्यांना दिसत होता. पंचनामे संपले आणि त्याच ग्रुपवर ‘माहिती तात्काळ सादर करावी’ पुन्हा सुरू झाले. एकच तक्ता तिघांनी तीन नमुन्यांत मागितला. तेव्हापासून तो ग्रुप मी म्यूट करून ठेवला आहे.

पाटीपेन्सिल : परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्या आम्हा अनेकांना हुरूप आला. मीही वर्गातील व्हिडिओ टाकू लागलो. ऊसतोडीला गेलेल्या एका बापाने मुलीचे वाचन फडावर बसून ऐकले आणि मला फोन केला. कोणत्याही गोपनीय अहवालाने मला तेवढे बळ दिलेले नाही. पुढे मात्र किती जणांनी पाहिले, हे मी तास चालू असतानाच पाहू लागलो. ‘गुरुजी, माझं वाचून झालं’ असे एका मुलीला दोनदा सांगावे लागले, त्या दिवसापासून फोन कपाटात असतो.

दक्षिण_कसबा : गुरुजी, कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयीचे जुलै २०२५ चे शासन परिपत्रकही पाहून घ्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची आहेत, समन्वयासाठी व्हॉट्सॲप-टेलिग्राम चालते, चांगल्या कामाविषयी लिहिता येते. परंतु त्यात स्वयंप्रशंसा नको. शासनाच्या धोरणावर टीका केल्यास १९७९ चे वर्तणूक नियम आहेतच. मला स्वतःला यातली स्वयंप्रशंसेची अट जाचक वाटते, कारण आमच्या कार्यालयात दुसरे कोणी प्रशंसा करीत नाही.

उपकेंद्र : मी आरोग्य सेविका आहे, लसीकरणाच्या मधल्या वेळेत लिहिते आहे. वाडीवरच्या लसीकरणाचे फोटो मी ग्रुपवर टाकले, त्यावर कोणी एक शब्द लिहिला नाही. त्याच दिवशी साहेबांच्या वाढदिवसाला बावन्न शुभेच्छा पडल्या. त्यांतली एक माझीही होती.

हुरडाप्रेमी : आमच्या साहेबांचे रोजचे ‘शुभ सकाळ’ आवक नोंदवहीत घ्यावे काय, याविषयी मार्गदर्शन व्हावे.

आवकजावक : घ्यावे. जावक क्रमांक मात्र सायंकाळी सव्वासहानंतरच द्यावा.