गुओ वेईनं गादी बायकोच्या भाच्याला का दिली? घरात दुसरं कोणी नव्हतं काय?

माणदेशी_गडी (दहिवडी, जि. सातारा):
नमस्कार मंडळी. चीनच्या इतिहासात तांग घराणं बुडाल्यावर 907 ते 960 असा एक काळ येतो, उत्तरेत 53 वर्षांत पाच घराणी येऊन गेली. त्यातलं शेवटचं म्हणजे उत्तर (म्हणजे नंतरचं) चौ, ते गुओ वेईनं 951 ला काढलं आणि 954 ला तो गेला पण. म्हणजे जेमतेम तीन वर्षं. त्याच्यानंतर गादीवर आला छाय रोंग, आणि हा ना मुलगा ना पुतण्या, थेट बायकोच्या भावाचा पोरगा! आपल्या साताऱ्यात 1848 ला आप्पासाहेब महाराजांनी मरता मरता दत्तक घेतला तर डलहौसीनं तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं, हे शाळेपासून ऐकतोय, म्हणून डोक्यात बसलंय की दत्तकाचा मामला नाजूक असतो. मग तिकडं सैन्यानं हे निवांत कसं काय खपवून घेतलं? आणि गुओ वेईला स्वतःची पोरं नव्हती का? जरा इस्कटून सांगा.

कृष्णाकाठ (सांगली):
पोरं होती राव. मारली.

950 ची गोष्ट. तेव्हा हान घराण्याचं राज्य, तेही नवीनच, 947 ला सुरू झालेलं. संस्थापक वर्षभरात गेला आणि गादीवर लिऊ छंगयोऊ, विशीसुद्धा न गाठलेलं पोरगं. बापानं नेमलेल्या जुन्या कारभाऱ्यांचा त्याला जाच वाटायला लागला, मग एका दिवसात दरबारात तिघांना कापलं आणि उत्तरेला खितान लोकांवर लक्ष ठेवायला फौज घेऊन गेलेल्या गुओ वेईला पण उडवायचा हुकूम सोडला. तो हुकूम गुओ वेईच्याच हातात पडला. पण त्याचं बिऱ्हाड राजधानीत, काईफंगला. लिऊ चू नावाच्या अधिकाऱ्यानं बायको, पोरं, पुतणे सगळे मारले, तान्ही लेकरं पण सोडली नाहीत. छाय रोंग सासऱ्या... सॉरी, दत्तक बापाबरोबर उत्तरेला होता म्हणून वाचला, पण त्याची तीन पोरं त्यातच गेली.

मग काय, गुओ वेई फौज घेऊन काईफंगवर आला, पळापळीत राजा मारला गेला. थोडे दिवस राजमातेला पुढं करून कारभार केला, नंतर मोहिमेवर असताना शिपायांनी पिवळं, म्हणजे राजाच्या रंगाचं, निशाण फाडून त्याच्या अंगावर टाकलं आणि राजा म्हणून मोकळे झाले. (हे 'शिपायांनी जबरदस्ती केली' प्रकरण मला तरी पटत नाही, असल्या गोष्टी आपोआप होत नसतात.) पण एक मानलं पाहिजे, लिऊ चूला मारलं, त्याच्या बायकापोरांना हात लावला नाही. त्या काळात हे लै मोठं होतं.

वाईकर_आज्जी:
तुम्ही पुरुष मंडळी तलवारीचंच सांगत बसता. त्याच्या बायकांचं कोणी सांगणार का?
गुओ वेई लहानपणी पोरका, बाप लढाईत गेला, आई पण गेली, नात्यातल्या एका मावशीनं वाढवला. तरुणपणी दारू, जुगार, मानेवर चिमणी गोंदलेली म्हणून लोक 'चिमणी गुओ' म्हणायचे, आणि बाजारात एका दांडगट खाटकानं "हिंमत असेल तर खुपस" म्हटल्यावर खरंच सुरा खुपसला! अशा माणसाला छाय घराण्यातल्या बाईनं पसंत केलं. ती आधी राजवाड्यात होती, राजा मेल्यावर घरी पाठवलेली. हिच्या पैशावर आणि धाकावर तो मार्गाला लागला असं सांगतात. हिच्याच भावाचा पोरगा छाय रोंग, आत्याकडं वाढला, चहाचा व्यापार करून घर चालवायला हातभार लावायचा. आणि ऐका, गुओ वेईच्या चारही बायका आधी दुसऱ्या घरी नांदलेल्या. राजा झाल्यावर जिवंत पट्टराणी केलीच नाही, छायबाई आधीच वारल्या होत्या तरी तो मान त्यांनाच दिला.

अजिंक्यतारा_व्ह्यू:
आज्जी एक नंबर 🙏
मूळ प्रश्न राहिला, सैन्यानं कसं मानलं. तर गादीवर हक्क सांगू शकतील असे अजून दोघं होते. ली छोंगचिन, गुओ वेईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, वयानं छाय रोंगपेक्षा मोठा, वर सेनापती. आणि जावई चांग योंगद, तो पण सैन्यात वरच्या जागेवर. रक्ताचं नातं बघितलं तर ली पुढं. म्हणून मरायच्या आधी म्हाताऱ्यानं लीला बोलावलं आणि आपल्या डोळ्यादेखत छाय रोंगपुढं वाकायला लावलं, मालक कोण आणि चाकर कोण ते तिथंच मिटलं. त्याच वर्षी उत्तरेकडनं हल्ला झाला, काओफिंगच्या लढाईत काही सरदार पळाले, पण भाचा ली आणि जावई चांग दोघं उभे राहिले आणि छाय रोंग जिंकला. साताऱ्यात दत्तक मान्य करणं परक्या कंपनीच्या हातात होतं, इथं मान्य करणारे घरातलेच होते आणि धन्यानं जिवंतपणी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. माझ्या मते फरक एवढाच.
बाकी गुओ वेई राजा म्हणून पण साधा. वाड्यातली रत्नजडित भांडी फोडली, आणि जनावरं मरून कित्येक वर्षं झाली तरी शेतकऱ्याकडनं बैलांचं भाडं वसूल व्हायचं ते बंद केलं. स्वतःला कागदाच्या कपड्यात आणि मातीच्या पेटीत पुरा म्हणाला, कारण तांग राजांच्या कबरी सोन्यासाठी उकरलेल्या त्यानं बघितल्या होत्या.

माणदेशी_गडी:
लै भारी, सगळ्यांचे आभार. मग छाय रोंगचा सख्खा बाप कुठं होता ह्या सगळ्यात?

कृष्णाकाठ (सांगली):
जिवंत होता की! छाय शौली. पण पोरगं दत्तक गेलेलं, त्यामुळं राजा त्याला बाप म्हणून नाही, मामा म्हणून मान द्यायचा. त्याला लोयांग शहरात ठेवलेलं, काईफंगला आणलंच नाही. तिथं हा आणि अजून मोठमोठ्या सरदारांचे बाप मिळून टोळकं करून फिरायचे, लोक त्यांना 'दहा बाप' म्हणून टरकून असायचे. एकदा ह्यानं माणूस मारला तरी राजानं चौकशी लावली नाही. भाच्या लीला वाकायला लावणारा गुओ वेई तोवर मेलेला, मग मामाला कोण अडवणार.