गाडीतील आवाज सुधारण्यासाठी आधी काय बदलावे: स्पीकर की ॲम्प्लिफायर?

राजारामपुरीकर :
नमस्कार. माझ्याकडे सात वर्षे जुनी हॅचबॅक असून तिच्यात कंपनीनेच बसवलेली म्युझिक सिस्टीम आणि चार दारांत चार स्पीकर आहेत. रोज गोकुळ शिरगावपर्यंत जाणे-येणे असते आणि महिन्यातून एखाद्या वेळी गगनबावड्यामार्गे कोकणात उतरणे होते. त्या प्रवासात मी बहुधा ख्यालगायन ऐकतो, त्यातही जयपूर-अत्रौली घराण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका अधिक. अडचण अशी आहे की आवाज थोडा वाढवला की डग्ग्याचा घुमारा येण्याऐवजी दाराचा पत्राच थरथरू लागतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता माझ्या उजव्या गुडघ्यापाशी कोणी गात असल्यासारखा वाटतो. एका दुकानदाराने ॲम्प्लिफायर आणि डिकीत सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) बसवण्याचा आग्रह धरला, तर दुसऱ्याच्या मते केवळ स्पीकर बदलल्याने काम भागेल. माझी खर्चाची मर्यादा 15,000 रुपये आहे. सुरुवात कोठून करावी?

ध्वनिवेडा :
सुरुवात दारापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते; गाडीत त्या पेटीचे काम दाराला करावे लागते आणि ते पातळ पत्र्याचे, जागोजागी भोके असलेले दार त्यासाठी घडवलेलेच नसते. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची ही उलटी लहर दाराच्या आतल्या पत्र्यातील भोकांतून पुढे आली की ती समोरच्या लहरीला मारते, आणि हा मार सर्वांत जास्त बसतो तो खर्जाला. म्हणजे तुमचा डग्गा स्पीकरमध्ये वाजतो आहे, पण कानापर्यंत पोहोचण्याआधीच नाहीसा होतो आहे. अशा दारात महागडा स्पीकर बसवला तरी त्याची गत तीच होईल.

यासाठी डोअर पॅड (दाराचे आतले आवरण) काढून बाहेरच्या पत्र्याला आतल्या बाजूने ब्यूटिल रबराची, ॲल्युमिनियमचा थर असलेली, थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट चिकटवावी. पत्र्याचा तसू न् तसू झाकण्याची गरज नसते. पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी थरथर पुष्कळ कमी होते. डांबराची स्वस्त शीट मात्र घेऊ नये, कारण उन्हात ती मऊ पडून सुटते आणि गाडीत वास राहतो. त्यानंतर आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावीत. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण आपल्याकडचा पाऊस तुम्ही जाणताच, आणि गगनबावड्याचा तर विचारूच नये. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतेच आणि ते तळाच्या छिद्रांतून बाहेर जाते. ती छिद्रे शीटने बुजली, किंवा पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटका राहिला, तर दार सडेल नाहीतर पायाखालचे कार्पेट भिजेल.

गुडघ्यापाशी येणाऱ्या आवाजाचे कारण असे की उजव्या दारातील स्पीकर तुमच्या सर्वांत जवळ आहे. आवाजाला सुमारे 34 सेंटिमीटर कापायला एक मिलिसेकंद लागतो आणि डावा स्पीकर तुमच्यापासून तेवढ्या अंतराने तरी अधिक दूर असतो. एवढ्या फरकावरून कान आवाजाची दिशा ठरवतात. पुढच्या दारांना कंपोनंट स्पीकर (ज्यांत मोठा स्पीकर आणि ट्विटर सुटे असतात) घेऊन त्यांचे ट्विटर, म्हणजे वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर, आरशामागच्या त्रिकोणी जागेत बसवले, तर गायक गुडघ्यावरून उठून डॅशबोर्डवर येतो. तोपर्यंत बॅलन्स किंचित डावीकडे सरकवून पाहा.

भैरवी :
वरील सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एक रुपयाही खर्च करण्याआधी सेटिंग तपासावे. बेस, ट्रेबल आणि लाउडनेस (खर्ज वाढवून देणारी सोय) ही तिन्ही शून्यावर आणावीत. लाउडनेस चालू ठेवून आवाज वाढवणे हेच पुष्कळदा पत्रा थरथरण्याचे कारण असते. ब्लूटूथऐवजी पेनड्राइव्हवर 320 केबीपीएसची फाइल वाजवून फरक ऐकावा. शिवाय परीक्षेसाठी जुन्या 78 आरपीएमच्या ध्वनिमुद्रिका वापरू नयेत. त्यांत वरच्या पट्टीतील बारकावे मुळातच टिपले गेलेले नाहीत, त्यामुळे उत्तम ट्विटरलाही त्यांत खरखरीखेरीज वाजवण्यासारखे फारसे सापडत नाही. ज्यात तंबोरा स्वच्छ ऐकू येतो असे अलीकडचे ध्वनिमुद्रण निवडावे. तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) सुटी-सुटी ऐकू आली, तर बाकीचे ठीक आहे असे समजावे.

लेथवाला :
ॲम्प्लिफायरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. म्युझिक सिस्टीमवर 50 गुणिले 4 वॅट असे छापलेले असते, परंतु इंजिन चालू असताना मिळणाऱ्या 14.4 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे 25-26 वॅटपेक्षा जास्त देणे साध्या सिस्टीमला गणितानेच शक्य नसते, आणि प्रत्यक्षात ते 18-20 वर थांबते. ख्याल ऐकण्यासाठी एवढे पुरते, म्हणून ॲम्प्लिफायर सध्या घेऊ नये. पुढे घेतलाच, तर बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवल्याशिवाय तार ओढू देऊ नका. दुकानात तो टाळला जाताना मी पाहिलेला आहे.

स्पीकर दारावर ज्या रिंगवर बसवतात तिच्याबद्दलही सांगतो. दुकानात एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या भुशाची) रिंग देतात, ती पहिल्याच पावसाळ्यात फुगते. मी उद्यमनगरात लेथवर नायलॉनच्या 18 मिलिमीटर जाडीच्या रिंगा करून घेतल्या आणि दार व रिंग यांच्यामध्ये फोमची पट्टी दिली. तारा कापण्याऐवजी गाडीच्या मॉडेलचा कपलर (मूळ तारांना थेट जोडला जाणारा प्लग) मागावा. दोन्ही स्पीकरची प्लस-मायनस सारखी जोडली आहे ना, हे 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहता येते. सेलचे प्लस स्पीकरच्या प्लसला लावले की कोन बाहेर आला पाहिजे. एक जरी उलटा जोडला गेला, तर खर्ज पुन्हा गायब होईल.

राजारामपुरीकर :
सर्वांचे आभार. लाउडनेस बंद केल्यावर निम्मी थरथर त्याच दिवशी गेली. काल पुढची दोन्ही दारे उघडून शीट लावली, तेव्हा उरलेली खडखड कुलपाच्या सळईची निघाली. तिला फोम गुंडाळला. स्पीकर अजून जुनेच आहेत, तरीही विलंबित लयीत डग्ग्याची मींड प्रथमच ओळखू आली. आता रिंगा करून घेऊन पुढचे कंपोनंट स्पीकर तेवढे बसवणार आहे. मागच्या दारांना मात्र पहिल्या मोठ्या पावसात पुढच्या दारांतील पाणी नीट निघून जाते की नाही, हे पाहूनच हात लावीन.