कोलोराडोत एल्कच्या शिकारीचा पहिला टॅग कसा मिळवावा?

कोल्हापूरकर_ऑरोरा:

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा असून गेले आठ महिने डेन्व्हरजवळच्या ऑरोरा येथे एच-१बी व्हिसावर नोकरी करीत आहे. गेल्या नोव्हेंबरात कार्यालयातील एका सहकाऱ्याने स्वतः शिकार केलेल्या एल्कचा (सांबरासारख्या मोठ्या हरणाचा) दोन पौंड खिमा मला दिला. आमच्या पद्धतीने कांदालसणाचा मसाला घालून तो केल्यावर घरातील सर्वांनी ताटे पुसून खाल्ली आणि तेव्हापासून ‘आपणही जावे’ हा विचार डोक्यातून जात नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची परंपराच संपली असल्यामुळे मला यातले काहीही ठाऊक नाही. वायोमिंग, मोंटाना, न्यू मेक्सिको अशा प्रत्येक राज्याची पद्धत निराळी, कुठे सोडत, कुठे ‘पॉइंट’, हे वाचून गोंधळ अधिकच वाढला. नवख्या माणसाने सुरुवात कोठून करावी? आणि माझ्या व्हिसावर बंदूक हाताळणे कायदेशीर आहे का?

गनिसनचा_पाहुणा:

आधी एक चांगली बातमी. कोलोराडोत सलग सहा महिने वास्तव्य झाले असेल आणि हेच आपले मुख्य घर असेल, तर शिकारीच्या परवान्यासाठी आपण येथील रहिवासी ठरता. परराज्यातील माणूस ज्या टॅगसाठी, म्हणजे एक जनावर मारण्याच्या परवानगीसाठी, काही शे डॉलर मोजतो, तो रहिवाशाला त्याच्या लहानशा अंशात मिळतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे इतर राज्यांचा विचार बाजूला ठेवा. ज्याच्या अंगणात विहीर आहे त्याने पाण्यासाठी शेजारच्या गावी जाऊ नये.

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचे, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचे, प्रमाणपत्र आवश्यक असते, आणि त्याशिवाय परवाना मिळत नाही. हे काम हिवाळ्यातच उरका. मुख्य सोडतीच्या अर्जाची मुदत एप्रिलच्या आरंभी संपते आणि अर्ज करण्यापूर्वी एखादा पात्रता परवाना, उदाहरणार्थ वार्षिक स्मॉल गेम (लहान प्राण्यांच्या शिकारीचा) परवाना, विकत घ्यावा लागतो. पुष्कळ नवखे लोक नेमके येथेच अडतात.

आता पॉइंटविषयी. म्हाडाच्या सोडतीत दहा वर्षे अर्ज भरणारा आणि यंदाच पहिल्यांदा भरणारा एकाच पातळीवर असतात. कोलोराडोची प्रेफरन्स पॉइंटची रीत तशी नाही. पहिल्या पसंतीचा टॅग न मिळाल्यास एक पॉइंट जमा होतो आणि ज्याचे पॉइंट अधिक, त्याचा क्रमांक आधी लागतो. नेवाडात पॉइंट म्हणजे टोपीतल्या वाढीव चिठ्ठ्या, म्हणजे शक्यता वाढते पण खात्री नसते. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत तर पॉइंटच नाहीत, दरवर्षी सगळे कोऱ्या पाटीने उभे राहतात. वायव्य कोलोराडोतील काही नामांकित युनिटसाठी (शिकारीसाठी आखलेल्या विभागांसाठी) वीसहून अधिक पॉइंट लागतात आणि रांगेत माणसे वाढत असल्याने ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते. आपण आज रांगेत उभे राहिलात तरी ती युनिटे कदाचित निवृत्तीपर्यंत हाती लागणार नाहीत. त्यांचा मोह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी मी स्वतः जे केले ते सांगतो. अर्जात चार पसंती असतात. पहिल्या पसंतीच्या जागी ‘फक्त पॉइंट हवा’ असा सांकेतिक क्रमांक भरावा आणि दुसऱ्या पसंतीत मादी एल्कचा, म्हणजे काऊ टॅग मागावा. दुसऱ्या पसंतीत टॅग लागला तरी पहिला पॉइंट शाबूत राहतो. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका नीट वाचूनच हे करावे. कोणत्या युनिटमध्ये मादीचे टॅग किती पॉइंटांवर संपले, याचे मागील वर्षीचे अहवाल कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचे वन्यजीव खाते प्रसिद्ध करते. ते कंटाळवाणे असले तरी दोन संध्याकाळी त्यांना द्याव्यात, कारण निम्मी शिकार तिथेच होते.

सोडतीत काहीच लागले नाही तरी दारे बंद होत नाहीत. उन्हाळ्यात दुसरी सोडत होते, ऑगस्टच्या सुरुवातीला उरलेले टॅग विक्रीस येतात आणि पुढे लोकांनी परत केलेले टॅग दर बुधवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा विकले जातात. माझा पहिला टॅग अशाच एका बुधवारी, बैठकीत बसलो असताना टेबलाखाली फोन धरून मिळवलेला आहे. याखेरीज रायफलच्या दुसऱ्या व तिसऱ्या हंगामासाठी नर एल्कचे टॅग सोडतीशिवाय थेट काउंटरवर मिळतात; मात्र जो टॅग कोणालाही मिळतो त्याच्या जंगलात कोणीही असते. तिथे बहुतेक युनिटमध्ये नराच्या एका शिंगाला किमान चार टोके किंवा कपाळाजवळचे टोक पाच इंच असणे बंधनकारक आहे, आणि ते दोनशे यार्डांवरून, झाडीत, धापा टाकत ओळखणे नवख्याचे काम नव्हे. मादीच्या टॅगला ही कटकट नाही.

सॅन_अँटोनियो_वाला:

वरील उत्तराशी सहमत आहे, पण परराज्यातून वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडतो. पूर्वी आम्ही टेक्सासहून काउंटरवर धनुष्यबाणाचा एल्क टॅग घेऊन कोलोराडोत येत असू. २०२५ पासून परराज्यातील लोकांसाठी ते बंद झाले असून आता सोडतीतूनच जावे लागते. वायोमिंगमध्ये परराज्यातील लोकांचा एल्कचा अर्ज फेब्रुवारीच्या आरंभीच बंद होतो, आणि तेथील घोषित विल्डरनेस क्षेत्रात, म्हणजे कायद्याने नैसर्गिक अवस्थेत राखलेल्या रानात, आम्हाला गाइडशिवाय किंवा सोबतीचा परवाना काढलेल्या स्थानिकाशिवाय मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. मी पहिल्या वर्षी हा नियम न वाचता युनिट निवडले. नकाशावरील निम्म्याहून अधिक भाग माझ्यासाठी निरुपयोगी ठरला.

प्रॉन्गहॉर्नच्या (माळरानावरील हरणासारख्या प्राण्याच्या) मादीचे वायोमिंगमधील टॅग स्वस्त असतात आणि नवख्यासाठी उघड्या माळावरची ती शिकार उत्तम धडा आहे. मात्र जे टॅग सहज शिल्लक राहतात ते बहुधा अशा युनिटचे असतात जिथे जमीन खाजगी आहे. आधी जमीनमालकाची परवानगी आणि मगच टॅग.

कागदपत्रे_आधी:

व्हिसाच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे आणि संघीय कायद्यानुसार अशा व्हिसावरील व्यक्तीस बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. परंतु अमेरिकेत कायदेशीररीत्या मिळालेला वैध शिकार परवाना जवळ असेल, तर त्या मनाईला अपवाद मिळतो. याचा अर्थ असा की परवाना संपला की अपवादही संपतो, आणि तरीही बंदूक घरात राहिली तर तो गंभीर गुन्हा ठरू शकतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अट राहत नाही. तोपर्यंत आपल्या इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय बंदूक खरेदी करू नये, उसनीही घेऊ नये. धनुष्यबाण मात्र या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही, आणि कोलोराडोच्या रहिवाशाला त्याचा एल्क टॅग अजूनही काउंटरवर मिळतो.

कोल्हापूरकर_ऑरोरा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हंटर एज्युकेशनसाठी नाव नोंदवले असून वकिलांना ईमेल पाठवला आहे. एक शंका राहिली: टॅग हा कागदच असतो ना? शिकार झाल्यावर त्याचे नेमके काय करायचे?

गनिसनचा_पाहुणा:

कागदच असतो. जनावर पडल्यावर तो लगेच मूळ परवान्यापासून फाडून सही व तारीख घालायची, आणि मांस हलवताना तो सोबत बांधायचा. शिकारीआधी चुकून फाडला तर तो बाद होतो. मी उणे बारा अंशांत गुडघ्यावर कागद ठेवून सही करायला गेलो तेव्हा बॉलपेनची शाई गोठली होती, आणि मृत जनावरापाशी पेन काखेत धरून पाच मिनिटे बसावे लागले. तेव्हापासून दोन पेने नेतो. त्यांतले एक आतल्या सदऱ्याच्या खिशात, छातीशी.