व्हॅनिलाच्या कोवळ्या शेंगा पिवळ्या पडून गळतायत, मदत हवी आहे

पोफळवाडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमची दोडामार्ग तालुक्यात सुपारीची बाग आहे, मधेमधे माड आणि मिरी. २००३ च्या आसपास व्हॅनिलाचं वेड आलं होतं तेव्हा सासऱ्यांनीही बेणं आणून लावलं. पुढे भाव कोसळला आणि त्या वेलीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वेल मात्र जगली. पोफळीवर सरळ चढत गेली, पण फूल म्हणून कधी आलं नाही.

गेल्या वर्षी मी ती हळूहळू खाली घेतली, आधाराच्या गिरिपुष्पाच्या झाडांच्या बेचक्यांतून खांद्याएवढ्या उंचीवर वळवली आणि लोंबती सोडली. पाऊस संपताना शेंडे खुडले. जानेवारीत चक्क फुलं आली. फिकट हिरवट-पिवळी, सकाळी उमलतात आणि दुपारी मान टाकतात. व्हिडिओ बघून हिराच्या काडीने परागीकरण शिकले. घोसात पंधरा-सोळा कळ्या होत्या, उमलेल ते प्रत्येक फूल केलं. बहुतेक सगळी धरली आणि शेंगा बोटाएवढ्या लांब झाल्या.

आता मार्च लागला आणि शेंगा पिवळ्या पडून गळायला लागल्या आहेत. देठाजवळ थोडा तपकिरीपणा दिसतो. रोज सकाळी वेलीखाली पाच-सहा पडलेल्या असतात, जीव जळतो अगदी.

माझे प्रश्न:

गळ थांबवायला काय करू? पुढच्या वर्षी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर हाताने करायची कटकट वाचेल का? आणि तिसरं, एक जण बागेवर येऊन हिरव्या शेंगा घ्यायला तयार आहे, गणपतीच्या आधी तोडून नेतो म्हणतो. द्याव्यात की घरी सुकवाव्यात?

---

सिरसीकर

ताई, आधी थोडी माहिती द्या. वेलीवर ऊन कुठल्या बाजूने आणि किती वेळ येतं? पाणी कसं देता? वेलीच्या बुडाशी माती उघडी आहे की पाचोळा आहे? गेल्या वर्षभरात बागेत काही तोडलंत का, एखादं मोठं झाड वगैरे?

---

पोफळवाडी

पाणी पाटाने, चार-पाच दिवसांनी. बुडाशी थोडा पाचोळा आहे, पण पावसानंतर बाग साफ केली तेव्हा बराच काढला गेला. आणि हो, पश्चिमेला बांबूचं बेट होतं, ते वाटेसाठी दिवाळीत तोडलं. दुपारनंतर तिकडून ऊन येतं.

---

सिरसीकर

मग बरंचसं उत्तर त्या बांबूच्या बेटात आहे.

आमच्याकडे उत्तर कन्नडात व्हॅनिला सुपारीतच लावली होती आणि कोवळ्या शेंगांची ही गळ आम्ही पुरेपूर भोगली आहे. फेब्रुवारी ते मे हाच तिचा काळ. पारा ३२ अंशांच्या वर आणि हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या खाली गेला की वेल शेंगा सोडायला लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्याकडे पूर्वेचा कोरडा वारा सुटतो आणि हापूसची बारीक फळं गळतात ना, तोच प्रकार. त्यात दुपारचं ऊन थेट अंगावर. अशक्त झालेल्या शेंगेवर मग बुरशी बसते, देठाजवळचा तपकिरीपणा तिचा असू शकतो. बुरशी इथे संधीसाधू आहे, म्हणून नुसतं औषध मारून भागणार नाही.

दुसरं म्हणजे ओझं. घोसात पंधरा-सोळा शेंगा ठेवायच्या नसतात. आठ, फार तर दहा. त्याही घोसाच्या खालच्या अंगाच्या, म्हणजे सरळ लोंबतात, वाकड्या होत नाहीत. शेंग सहा-सात आठवड्यांत पूर्ण लांब होते आणि त्याच दिवसांत वेलीकडून सगळं ओढून घेते. सगळ्या ठेवल्या तर बऱ्याच गळतात आणि उरलेल्या आखूड, बारीक राहतात. बाजारात पंधरा सेंटिमीटरच्या पुढच्या शेंगेला किंमत.

आज-उद्याच हे करा: पश्चिमेला माडाच्या झावळ्यांचा नाहीतर शेडनेटचा आडोसा. अर्धं ऊन, अर्धी सावली एवढं हवं, पूर्ण अंधार केलात तर पुढच्या वर्षी फूल विसरा. बुडाशी सुपारीच्या झावळ्या, पाचोळा, कुजकं शेणखत यांचा वीतभर थर द्या, पण कुदळ लावू नका. या वेलीची मुळं जमिनीत खोल जात नाहीत, वरच्या पाचोळ्यातच पसरतात. ती उघडी पडली तर पाटाचं पाणी नुसतं वाहून जातं. पाणी थोडं आणि वरचेवर द्या, आणि कडक दुपारी वेलीवर बारीक तुषार मारलेत तर दमटपणा टिकेल. गळलेल्या आणि पिवळ्या शेंगा गोळा करून बागेबाहेर न्या. घोसात गर्दी असेल तर वाकड्या-तिकड्या शेंगा आत्ताच काढून टाका. हात धजणार नाही, पण काढा.

पावसाळ्याचं वेगळं. तेव्हा मूळ आणि खोड कुजण्याची भीती, फ्युजेरियम बुरशी. पाणी साचू द्यायचं नाही, शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) मिसळून बुडाशी द्यायचं. तुम्ही सुपारीच्या कोळेरोगासाठी (फळं कुजतात तो) बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारता तेव्हा खाली वेलीवरही एक टक्क्याची फवारणी होऊन जाऊ दे.

---

मालवणी_मेवो

आमच्याकडे पण लावलेली तेव्हा. भाव पडलो आणि लोकांनी वेली उपटून टाकल्यानी. तुमची जगली ह्याच नवल. बेणा विकणाऱ्यांचा मात्र बरा झाला होता, शेंग विकून कोण श्रीमंत झाल्याचा माझ्या ऐकिवात नाय.

---

पर्णिका

मधमाश्यांबद्दल मी लिहिते, वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून.

पेट्या ठेवा, माडाला आणि बाकी बागेला फायदाच होईल. व्हॅनिलाचं काम मात्र त्या करणार नाहीत. या फुलात पराग आणि स्त्रीकेसराचा चिकट भाग यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, त्यामुळे फूल स्वतःचं स्वतः फळत नाही. तुम्ही काडीने तोच पडदा वर उचलता आणि अंगठ्याने पराग दाबता. वेलीच्या मूळ देशात, मेक्सिकोत, हे काम तिथल्या माश्या करतात. कुठल्या माश्या यावर अजून वाद आहे. मेलिपोना या बिननांगीच्या माशीचं नाव सगळे घेतात, पण बरेच अभ्यासक युग्लॉसिन गटातल्या चकचकीत हिरव्या माश्यांकडे बोट दाखवतात. आणि तिथेही नैसर्गिकरीत्या फारच थोडी फुलं फळतात.

म्हणूनच युरोपियनांनी वेल जगभर नेली तरी कित्येक वर्षं नुसती पानं आणि फुलं बघत बसावं लागलं. मेक्सिकोच्या आखाताकाठी पापांत्ला भागातले टोटोनाक लोक हिचे जुने जाणकार. अॅझ्टेकांकडे शेंगा खंडणीत यायच्या आणि कोकोच्या पेयात पडायच्या. स्पॅनिश आले १५१९ साली, त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं जगाला शेंग पुरवणारा मेक्सिकोच. १८३६ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला शार्ल मोरेन यांनी काचघरात हाताने फळधारणा करून दाखवली, पण ती पद्धत शेतापर्यंत पोचली नाही.

पोचवली ती एदमों अल्बियुसने. हिंदी महासागरातलं रेयुनियॉं बेट, तेव्हाचं नाव बूरबॉं. साल १८४१. एदमों बारा वर्षांचा होता आणि गुलाम होता, आडनावसुद्धा नव्हतं. बारीक काडीने पडदा उचलायचा आणि अंगठ्याने दाबायचं, ही त्याची युक्ती. मालकाने त्याला आजूबाजूच्या मळ्यांवर फिरवून इतरांना शिकवायला लावलं. त्या जोरावर बेटावर आणि पुढे मादागास्करमध्ये व्हॅनिलाचा धंदा उभा राहिला. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा त्याला अल्बियुस हे आडनाव मिळालं. पैसा मिळाला नाही. १८८० मध्ये तो गरिबीतच गेला. एका मोठ्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने नंतर या शोधाचं श्रेय स्वतःकडे ओढायचा प्रयत्न केला होता, तेव्हा एदमोंच्या मालकाने ठामपणे त्याची बाजू घेतली, एवढं बरं झालं.

ताई, तुम्ही हिराने जे करता ते अजूनही त्याच्याच पद्धतीने. सरावलेला माणूस एका सकाळी हजारभर फुलं करतो म्हणतात. धरलेलं फूल देठावरच सुकून राहतं, न धरलेलं एक-दोन दिवसांत गळतं, एवढी खूण लक्षात ठेवा.

---

बेकरीवाली_पुणे

तिसऱ्या प्रश्नावर मी बोलते, मी शेंगा विकत घेणारी आहे.

गणपतीच्या आधी अजिबात तोडू देऊ नका! जानेवारी-फेब्रुवारीत धरलेली शेंग नऊ ते दहा महिने घेते, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. खालचं टोक पिवळसर व्हायला लागलं की ती शेंग तोडायची, एकेक करून. सगळा घोस एकदम नाही. फार थांबलात तर फुटते, लवकर तोडलीत तर कितीही सुकवा, गवताचा वास येतो. मी असल्या शेंगा घेऊन पस्तावले आहे. मादागास्करमध्येही हेच रडगाणं. चोरीच्या भीतीने शेतकरी कच्ची शेंग तोडतात. काही जण तर हिरव्या शेंगेवर टोचून आपली खूण उमटवतात, सुकल्यावरही ती राहते.

भावाचं म्हणाल तर हे पीक वादळावर चालतं. जगातली बहुतेक शेंग मादागास्करच्या ईशान्य कोपऱ्यातून, सांबावा-अंतालाहा भागातून येते. २००० साली तिथे हुदाह चक्रीवादळ आलं, पुढच्या तीन-चार वर्षांत सुकवलेल्या शेंगेचा भाव किलोला ५०० डॉलरपर्यंत गेला. तुमच्या सासऱ्यांनी लावलेली वेल त्या लाटेतली. तेव्हा केरळात हिरव्या शेंगेला किलोला तीन हजारांच्या वर मिळत होते. सगळ्या जगाने वेली लावल्या, मोठ्या कंपन्या कृत्रिम व्हॅनिलीनकडे (शेंगेला वास देणारं मुख्य द्रव्य) वळल्या, आणि २००५ पर्यंत भाव ५० डॉलरच्या आसपास. २०१७ मध्ये एनावो वादळ, पुन्हा ६०० डॉलर, तेव्हा चांदीपेक्षा महाग होती. २०२० मध्ये तिथल्या सरकारने निर्यातीला २५० डॉलरचा किमान भाव बांधला, माल तुंबला, २०२३ मध्ये तो उठवला आणि भाव परत घसरला.

आईस्क्रीम-बिस्किटांतला वास बहुतेक शेंगेचा नसतोच. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हार्मान यांनी पाइनच्या झाडातल्या द्रव्यापासून व्हॅनिलीन बनवलं, तिथपासून ते कारखान्याचं झालं. म्हणून मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागे लागू नका. छोट्या बेकऱ्या, चॉकलेटवाले, गोव्यातली चांगली हॉटेलं, यांना नमुना पाठवा. आम्ही बघतो ते एवढंच: शेंग बोटाला गुंडाळता आली पाहिजे, तुटता कामा नये, तेलकट काळसर चमक हवी, आणि बुरशी नको. बुरशीची एक शेंग अख्खा डबा घालवते.

---

फेणीबहाद्दर

शेंगा उभ्या चिरून काजूच्या फेणीत टाका. सुकवायचा प्रश्न मिटला.

---

बेकरीवाली_पुणे

फेणीचा वास जिंकेल हो. अर्क करायचाच तर बिनवासाची दारू लागते आणि शेंग सुकवलेलीच लागते. लिटरला साधारण शंभर ग्रॅम. घरापुरतं ठीक, विकायचं म्हटलं की परवान्यांच्या मागे धावावं लागेल.

---

पोफळवाडी

खूप खूप आभार सगळ्यांचे. आडोसा बांधला, सगळा पाचोळा परत आणून टाकला, घोस विरळ केले (सासूबाई मागे उभ्या राहून हळहळत होत्या). आठवड्यानंतरची स्थिती: गळ थांबली नाही, पण बरीच कमी आहे, आणि नवीन शेंगांच्या देठाशी डाग दिसत नाहीत. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं.

आता सुकवण्याचं सांगा ना. उन्हात टाकून सुकत नाही का, कोकमासारखं?

---

सिरसीकर

नुसतं उन्हात टाकून नाही जमत. हिरव्या शेंगेला वास नसतो, कारण व्हॅनिलीन आत साखरेशी बांधलेलं असतं. ते सुटायला आधी शेंग मारावी लागते. पाणी ६३ ते ६५ अंशांवर, त्यात तीन मिनिटं. थर्मामीटर घ्या, बोट बुडवून अंदाज नको. उकळतं पाणी झालं तर वास सोडवणारी द्रव्यंच मरतात. काढल्या काढल्या गरम असतानाच कांबळ्यात गुंडाळून पेटीत ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी तपकिरी झालेल्या दिसतील. मग आठ-दहा दिवस रोज एक-दोन तास कांबळ्यावर ऊन द्यायचं आणि ऊन खाल्लेल्या शेंगा परत त्यातच गुंडाळून पेटीत. पुढे दोन-तीन महिने सावलीत फळ्यांवर, रोज हाताखालून घालायच्या, एखादी बुरशीची दिसली की बाजूला. शेवटी मेणकागदात बांधून बंद डब्यात आणखी दोन-तीन महिने. सहा किलो हिरवीची एक किलो होते, हे आधीच मनाशी धरा. तुमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरचं ऊन चांगलं असतं, ती जमेची बाजू. कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेला पत्र टाका, माहिती देतात. दापोलीच्या विद्यापीठातही विचारून बघा.

---

पोफळवाडी

कांबळं नाही, पण घोंगडी आहे सासऱ्यांची, काळी. चालेल का?

---

सिरसीकर

काळी तर उत्तमच, ऊन धरते. पण आधी दोनदा धुऊन कडक वाळवा आणि आत जुन्या सुती धोतराचा थर द्या. शेंग आजूबाजूचा वास ओढून घेते, मेंढीचाही. आणि घोंगडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली असेल तर ती राहू द्या, दुसरी बघा.