आजीचं गोंदण नातीच्या हातावर: अर्थ कोणाचा?

महालची_सून

माझ्या २१ वर्षांच्या लेकीला टॅटू काढायचा आहे. माझी हरकत टॅटूला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे 'जमाना बदलला ताई' छापाच्या चार-पाच प्रतिक्रिया वाचतील. हरकत आहे ती तिच्या कारणाला.

सासूबाई ८३ वर्षांच्या. माहेर काटोलकडचं. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण: वर तुळशीवृंदावन, त्याखाली ठिपक्यांच्या दोन ओळी, मग एक विंचू, आणि मनगटाजवळ मामंजींचं नाव. नाव लग्नानंतरचं, बाकी सगळं नवव्या-दहाव्या वर्षीचं. त्यांनी जन्मभर नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नाही. रेशनचा, जनगणनेचा, कुठलाही माणूस दारात आला आणि नाव विचारलं, की पदर सावरून हात पुढे करायच्या, "घ्या वाचून". तो वाकून वाचायचा. नवी सून असताना मी हे दाराआडून पाहिलंय.

लेकीला ती तुळस आणि ते ठिपके हवे आहेत. तसेच, त्याच जागी. इथे नागपुरात, धरमपेठेत एका स्टुडिओत विचारून आली, साडेचार हजार म्हणाले. म्हटलं, का गं? तर म्हणे, "हे माझं मूळ आहे, आई."

आता ते मूळ कसं रुजलं ते ऐका. सुगी उरकली की गोंदणारीण गावात यायची. ओसरीवर पोरीला बसवलं, एका काकूनं खांदे धरले, दुसरीनं पाय. काजळी कालवलेली, तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. पोर रडायला लागली की गोंदणारीण गाणं मोठ्यानं म्हणायची. रात्री ताप भरला, हात दोन दिवस सुजलेला. मजुरी पायलीभर ज्वारी. बिनगोंदणाची पोरगी सासरी गेली तर टोमणे खाईल, म्हणून हा सगळा खटाटोप. मी एकदा विचारलं होतं, तुळशीचा अर्थ काय? म्हणाल्या, "अर्थ कायचा वं? सगळ्याइच्या हातावर होती, माह्या हातावर आली."

जिच्या अंगावर आहे तिलाच अर्थ ठाऊक नाही, आणि तिसरी पिढी तो साडेचार हजारांत विकत घेणार. दहा वर्षांची पोरगी धरून रडवली, तिची नक्षी करून मिरवायची. माझं तर स्पष्ट मत झालंय की टॅटूला अर्थ आधी नसतोच. सुई लागून जाते, लोक विचारायला लागतात, मग माणूस एक गोष्ट तयार करतो आणि पुढे स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवतो. बोला.

तर्रीपोहा

ताई, तुमच्या शेवटल्या वाक्याले माहा पाठिंबा. माह्या पोटरीवर संत्र्याची एक फोड हाये. इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी आम्ही चौघं गेलो आन् एकेक फोड काढून आलो. अर्थ काहीच नाही बाप्पा, पेपर खराब गेला होता. आता पुण्यात नोकरी करून राहिलो, तिथं लोक विचारते, नागपूरचा अभिमान म्हणून काढला का? मी म्हणतो, हो. चौघातला एक जण पैशापायी तीन वर्षांपासून बोलत नाही. फोड त्याच्याही पोटरीवर हायेच. आंघोळीले बसला का दिसत असनच.

इंदोऱ्याचा

अर्थ नंतर तयार होतो हे तुमच्या घरापुरतं खरं असेल. माझ्या दंडावर बाबासाहेबांची सही आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे येऊन बघा. रस्त्याच्या कडेला टॅटूवाले मशीन घेऊन बसलेले असतात, समोर पोरं-पोरी, बाया, म्हातारी माणसंसुद्धा. सही, जय भीम, अशोकचक्र. त्यातल्या एकालाही विचारा, "अर्थ नंतर ठरवणार का?" हसतील तुमच्यावर.

आणि माझ्या आजीचं सांगतो. तिच्याही हातावर लहानपणी गोंदलेला मारुती होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती तिथे होती, कडेवर माझे वडील. बावीस प्रतिज्ञा घेऊन घरी आली. घरातले देव काढता आले, हातावरचा कसा काढणार? त्यानंतर तिनं जन्मभर मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतली. मे महिन्यातसुद्धा, आणि आपल्याकडचा मे म्हणजे ४५ च्या वर पारा. पाहुणी बाई कोणी म्हणाली की अहो बाह्या तरी दुमडा, तर विषय बदलायची. ज्याला अर्थ नाही ते कोणी नागपूरच्या मे महिन्यात झाकत नाही, ताई.

निवृत्त_रक्तपेढी

अर्थाचं तुमचं चालू द्या. मी ३१ वर्षं रक्तपेढीत काढली. टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? कॉलेजच्या शिबिरात दर वेळी पाच-सात पोरं परत पाठवायचो. नाश्ता करून, रांगेत उभं राहून आलेली, आणि बाही वर केली की ताजा महादेव. 'काका, श्रद्धा आहे हो.' असेल. कातडीला महादेव कळत नाही, सुई कळते. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून जातात.

त्या गोंदणारणीच्या गाण्याचंही फार कौतुक नको. एकाच जुडग्यानं तिनं त्या दिवशी गावातल्या किती पोरी टोचल्या असतील, विचार करा. लेकीला स्टुडिओत जाऊ द्या, पण सुईचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा.

सुई_शाई

मी हेच काम करतो, सदरला, नऊ वर्षं झाली. गिऱ्हाईक तयार अर्थ घेऊन आलं की मला धाकधूक होते. होकायंत्र म्हणजे दिशा, उडते पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, अर्धविराम म्हणजे आयुष्य संपलं नाही. चित्र मोबाइलमध्ये, अर्थही त्याच मोबाइलमध्ये. सगळ्यात जास्त काढतो ती नावं, आणि झाकून द्या म्हणून परत येतात तीही नावंच. आईबापाचं नाव झाकायला मात्र अजून कोणी आलेलं नाही.

ताई, तुमच्या लेकीला माझ्यातर्फे एक विचारा. तुळस आजच्यासारखी हवी की पहिल्या दिवसासारखी? आजीच्या हातावर आज जी रेघ दिसते ती गोंदणारणीनं काढलेलीच नाही. काजळीचे कण कातडीच्या दुसऱ्या थरात बसतात. तिथल्या पेशी त्यांना गिळून धरून ठेवतात, एक मेली की दुसरी उचलते. असं करता करता सत्तर वर्षांत ठिपके फुगतात, शेजारच्याला चिकटतात. घातली होती काळी, पण कातडीआडून बघताना निळी-हिरवी दिसते. बारीक, सुट्या ठिपक्यांची काढली तर ती दहा वर्षांच्या पोरीची तुळस होईल, जी तुमच्या घरात कोणीच पाहिलेली नाही. पसरट निळसर काढली तर ती म्हातारीची. मी दोन्ही काढून देऊ शकतो, पण दोन्ही एक नाहीत.

आणि जे काय काढायचं ते उन्हाळा सरल्यावर. घामानं पपडी नीट धरत नाही.

पहाटे_५_रनिंग

माह्या उजव्या हातावर 'आई' हाये. ती गेली त्या वर्षी जत्रेत काढलं, तीनशे रुपयांत. मंग केंद्रीय दलाच्या भरतीले उतरलो. तिथं नियम असा का टॅटू डाव्या हाताच्या आतल्या बाजूले चालते, नाही त तळहाताच्या मागं, आन् तो बी त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान पाहिजे. उजवा हात सलामीचा. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर चांगला होता, म्हणे बेटा, डाव्यावर काढला असता त काही नव्हतं.

लेझरच्या सहा बैठका झाल्या. वावरातले हरभऱ्याचे पैसे गेले. 'ई' गेली, 'आ' चा काना अजून दिसते. अर्थ खरा होता का खोटा, हे मले कोणी विचारू नका.

सातपुड्याची_लेक

मी गोंड. गाव मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ, नोकरी नागपुरात. ही चर्चा वाचून गंमत वाटली. आमच्याकडे गोदन्याचा 'अर्थ काय' असं कोणी विचारत नाही, आडनावाचा अर्थ जसा रोज कोणी विचारत नाही तसं. मेल्यावर सोनं-नाणं मागचे काढून घेतात, गोदना तेवढा संगं येतो, हे मात्र प्रत्येक म्हातारी सांगते. पलीकडे बालाघाट-मंडल्याच्या बैगा पोरींच्या कपाळावर आठव्या वर्षाच्या सुमारास पहिली खूण होते. ती करणाऱ्या बादी समाजाच्या बायांना कुठल्या जागी काय येतं हे तोंडपाठ असतं. म्हणजे ज्ञान आहे. ते तुमच्या सासूबाईंच्या तोंडून आलं नाही म्हणून 'अर्थ नाही' हा निकाल कसा लावला?

माझा खरा राग वेगळाच. स्टुडिओच्या फायलीत 'ट्रायबल' नावाचं एक पान असतं. बघितलं तर सगळी पॉलिनेशियाच्या बेटांची नक्षी. १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाहानं वसवलेलं हे गाव, आणि इथे ट्रायबल म्हणजे हजारो मैलांवरचं! शेजारच्या बाईच्या पायावरचं ते 'गावठी'. सैन्यसुद्धा जरा बरं, त्यांच्या भरतीच्या नियमांत आदिवासींच्या परंपरागत गोंदणाला वेगळी सवलत आहे. तेव्हा तुमच्या लेकीनं फायलीतलं पान सोडून आजीच्या हाताकडे पाहिलं, याला मी नावं ठेवणार नाही. तिला एवढंच सांगा, नुसता फोटो नेऊ नकोस. आजीजवळ बस.

महालची_सून

@इंदोऱ्याचा, तुमच्या आजीच्या बाह्यांपुढे माझं 'अर्थ आधी नसतोच' टिकत नाही. मागे घेते. पण तुमच्याच गोष्टीत माझा दुसरा मुद्दा आहे. तो मारुती तिला विचारून काढला नव्हता. गोंदण कोण करवतं हे बघायला नको का? कंपनी सरकार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवत असे, १८४९ मध्ये ते बंद झालं. शाई तीच, सुई तीच. उद्या त्या कैद्याच्या पणतूनं 'माझं मूळ' म्हणून तेच कपाळावर काढलं तर?

@सातपुड्याची_लेक, फोटो नेऊ नको हे सांगितलं. पटलेलं दिसतंय.

इंदोऱ्याचा

काढू दे की! पणतूनं काढलं तर ती शिक्षा राहत नाही. आजीला कोणी विचारलं नाही, कबूल. पण सही मी विचार करून काढली, तुमची लेकही स्वतःच्या मनानं काढते आहे. ८३ वर्षांच्या बाईवर झालेल्या जबरदस्तीचा राग तुम्ही २१ वर्षांच्या पोरीवर काढून राहिल्या, असं नाही का होत?

सडेतोड

लेकीच्या हाताबद्दल इथे सात लोकांनी मत दिलं. लेक कुठे आहे? आणि सासूबाईंना इतक्या वर्षांत एकदाच विचारलं तेही 'अर्थ काय' असं, परीक्षेतल्यासारखं. त्या काय उत्तरपत्रिका लिहून देणार होत्या?

महालची_सून

झोंबलं, पण खोटं नाही.

काल जेवणं झाल्यावर लेक आजीजवळ बसली आणि सुई_शाई यांचा प्रश्न विचारला. पहिल्या दिवसासारखी की आजच्यासारखी. मी ओट्याशी भांडी आवरत होते. सासूबाई आधी हसल्या. मग म्हणाल्या (लेकीनं रेकॉर्ड केलंय म्हणून जसंच्या तसं देते): "तुळस कायले करतं वं? ते मायनं करायले लावली. मले इच्चू पाहिजे होता. गोंदणारीण म्हणे पोरीच्या जातीले इच्चू शोभत नाही. मी म्हणलं, मंग मी उठतो. दोघीनं धरलं होतं ते तुळशीच्या टायमाले. इच्चूले कोणी नाही धरलं."

लेकीनं विचारलं, इच्चूच का? तर हात वळवून स्वतःच बघत राहिल्या जरा वेळ. "भाऊ भेत होता इच्चूले. मी नोती भेत."

एवढंच. पुढे टीव्हीवर मालिका लागली.

हा हात मी तेवीस वर्षं रोज पाहते आहे. तेल लावून दिलंय, सलाइनची पट्टी काढलीये. मला वाटायचं तुळस मुख्य, विंचू जागा भरायला.

लेकीनं तुळस रद्द केली. आता नुसता विंचू, पसरट निळसर, आजच्यासारखा, दिवाळीनंतर. मला विंचू अजिबात आवडलेला नाही, आणि याचा अर्थाबिर्थाशी काही संबंध नाही, दिसायलाच वाईट दिसतो. यावर घरात नवीन भांडण सुरू आहे.

तर्रीपोहा

इच्चूचं तोंड कोणीकडं हाये, ताई?

महालची_सून

मनगटाकडे. म्हणजे मामंजींच्या नावाकडे.