विषय: पॉइंट रेयसच्या दीपगृहाची सहल (जुलैत नको!)

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
चार जुलैच्या सुट्टीत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या पॉइंट रेयसच्या दीपगृहाला जायचा विचार आहे. पायऱ्या ३१३ आहेत असं कळतं. कोणी जाऊन आलंय का? भारतातून आलेल्या आई-बाबांना झेपेल का?

प्रेषक: भुसावळचे काका

मंडळी,
भारतात परत येऊन चार वर्षं झाली तरी ईमेलच्या यादीवरून माझं नाव काढलं नाहीत, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं धरतो. इथे सकाळी दहालाच पंख्याखाली बसवत नाही आणि तुम्ही स्वेटर लागेल अशा जागी निघालात. जरूर जा, पण जुलैत नको. उन्हाळ्यात तिथे इतकं धुकं असतं की दीपगृहाला हात लागेल तेव्हाच ते दिसेल.

या धुक्यापायीच ते माथ्यावर बांधलेलं नाही. कडा ६०० फुटांचा, धुकं वरच रेंगाळतं. म्हणून सुरुंग लावून खाली, समुद्रापासून २७५ फुटांवर जागा केली आणि लोखंडी पत्र्यांचा सोळा बाजूंचा मनोरा उभा केला. उंची जेमतेम ३७ फूट. फोटो बघून मुलं म्हणतील, एवढंसंच? वाऱ्याचं म्हणाल तर साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांखाली उभे राहिला असाल, तो वारा तिथल्यापुढे झुळूक. ताशी ४० मैलांच्या वर गेला की पायऱ्या बंदच करतात. आमची एक खेप अशी फुकट गेली.

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, रेल्वेत लॅम्पमन होते. सिग्नलच्या खांबावर चढून रॉकेलचा दिवा भरायचा, वात कापायची, काच पुसायची, हेच आयुष्यभर. आमच्याकडे आले तेव्हा त्यांना गोल्डन गेटचं काही वाटलं नाही. डिस्नेलँडला तर ते बाकावर झोपले. पॉइंट रेयसला मात्र दिव्याचं भिंग बघून ते तासभर हलले नाहीत. १८६७ साली पॅरिसला घडवलेलं, दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जहाजाने आणलेलं, काचेचे हजारावर तुकडे एकात एक बसवलेले. १ डिसेंबर १८७० ला पहिल्यांदा पेटलं. मार्गदर्शक बाई हे सगळं सांगत होत्या आणि दादांचा प्रश्न एकच, “आनि वात कोन कापे रे?”

मी भाषांतर केलं. बाई खूश झाल्या, कारण खरी गोष्ट तीच होती. चार माणसं, सहा-सहा तासांच्या पाळ्या. भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला ७७ किलोचं वजन टांगलेलं. ते खाली येत राही आणि दर दोन तास वीस मिनिटांनी कुणीतरी पुन्हा वर ओढायचं. रात्रभर. शिवाय वाती कापायच्या आणि दिवसा काजळी पुसायची. वीज आली ती १९३८ मध्ये. १८८९ च्या रोजनिशीत मुख्य रखवालदाराने लिहून ठेवलंय की दुसऱ्या मदतनिसाला वेड लागलं, त्याला जवळच्या ओलेमा गावच्या पोलीस शिपायाच्या हवाली केलं. दादा हे ऐकून हसले नाहीत. “रात्रपाळीत होतं असं,” म्हणाले.

१९०६ च्या भूकंपात तर अख्खं भूशीर जागचं १८ फूट उत्तरेला सरकलं. भिंग रुळावरून घसरलं, बाकी दीपगृहाला काही झालं नाही. संध्याकाळी दिवा पुन्हा चालू! रूळ म्हटल्यावर दादांना तर घरचीच गोष्ट वाटली. १९७५ मध्ये जुना दिवा निवृत्त झाला, आता खालच्या बाजूचा स्वयंचलित दिवा काम करतो.

तेव्हा जानेवारीत किंवा मार्चच्या मध्यात जा. करडे देवमासे जानेवारीत मेक्सिकोकडे जातात, मार्चपासून परत फिरतात. ते वरून दिसतात.

प्रेषक: धुळ्याच्या वहिनी

काका, जानेवारी म्हणजे भरिताचे दिवस! वांगी आदल्या रात्री मी भाजून आणते. तिथे खायला काही मिळतं का?

प्रेषक: भुसावळचे काका

वहिनी, तिथे काही मिळत नाही, सगळं घरून न्या. भरीत-पुरी गाडीतच खा. बाहेर काढलीत तर शेव समुद्रात जाईल.

प्रेषक: सहल समिती

ठीक आहे, जानेवारीचा दुसरा शनिवार धरू. काका, गुडघ्यांचं राहिलं. माझ्या सासूबाई यायचं म्हणताहेत.

प्रेषक: भुसावळचे काका

उतरणं सोपं, चढणं म्हणजे तीस मजले. गाडीतळापासून पायऱ्यांपर्यंतही अर्धा-पाऊण किलोमीटर चढाचा रस्ता आहे, तेवढं चालणं होत असेल तर त्यांना वरच्या कठड्यापाशी बसवा, शाल द्या आणि दुर्बीण त्यांच्याच हातात द्या. दादाही दुसऱ्या खेपेला खाली उतरले नव्हते. आम्ही वर येईपर्यंत त्यांचे सात देवमासे मोजून झाले होते. आम्हाला खालून एकही दिसला नाही.