पुढाकार थायलंडचाच होता
व्यापार करार मोठे देश लिहितात, मधले नुसत्या सह्या करतात, असं म्हटलं जातं; थायलंडच्या बाबतीत ते पटत नाही. आसिआन (आग्नेय आशियाई देशांची संघटना) मुक्त व्यापार क्षेत्राचा, म्हणजे आपसातली जकात कमी करण्याचा, आग्रह १९९१मध्ये धरला तो थाई पंतप्रधान आनंद पान्याराचुन यांनी. जानेवारी १९९२मध्ये सिंगापूरला सह्याही झाल्या.

फायदा बघायचा तर टोयोटाची पिकअप उघडून बघा. २००४मध्ये टोयोटाने सुटे भाग देशादेशांत वाटून दिले, त्यात डिझेल इंजिन थायलंडचं, पेट्रोल इंजिन इंडोनेशियाचं, गिअरबॉक्स फिलिपिन्सचा. मलेशियाने मात्र प्रोटॉन या स्वतःच्या मोटार ब्रँडपायी मोटारींवरची जकातकपात लांबवत नेली (घरचं लाडकं लेकरू!). थायलंडकडे जपायला असा स्वतःचा ब्रँडच नव्हता, म्हणून दार उघडणं सोपं गेलं असावं. तांदळाचं तेवढं विचारू नका. तिथे इंडोनेशिया आणि फिलिपिन्सनी अडसर ठेवलाच.